कापण्याआधी एकदा नीट बघा: सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या बंदुकांबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यात जमा झालेल्या जुन्या बंदुकांचं काय करायचं हे ज्यांच्या सहीने ठरतं ते सगळे अधिकारी, आणि जिल्ह्याचा वारसा सांभाळायचं काम ज्यांच्याकडे आहे ते सगळे

महोदय आणि महोदया, नमस्कार.

जमा असलेल्या बंदुकांपैकी ज्यांचा परवाना संपलाय, ज्यांना कोणी न्यायला आलं नाही आणि ज्या निकामी आहेत त्यांची यादी करून त्या गॅस कटरने कापून भंगारात द्यायच्या असं ठरलंय, हे मला कळलं तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. मग त्या यादीचं एक पान बघायला मिळालं. त्या पानावर माझ्या आजोबांची बंदूक आहे. तिच्यापुढच्या रकान्यात लिहिलंय "ठासणीची गावठी बंदूक, निकामी". एवढंच. लांबी नाही, नळीचं माप नाही, लॉकवर, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्राच्या पट्टीवर, काय कोरलंय ते नाही, फोटो नाही. आणि त्या पानावरच्या जवळजवळ सगळ्या ओळी अशाच आहेत, वरच्या ओळीतलं खाली उतरवल्यासारख्या.

कुठलं ऑफिस, कुठले साहेब हे मी इथं लिहिणार नाही. मला कोणाची नोकरी अडचणीत आणायची नाहीये, आणि हा प्रकार फक्त एका ठिकाणी होतोय असंही नाही. पण गप्प बसणं मला जमणार नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी माझा संबंध सांगतो. मी पेशाने फिटर. अर्धं आयुष्य मिलच्या मेंटेनन्सला आणि उरलेलं एमआयडीसीत गेलं. लोखंड कुठं घडवलंय, कुठं ओतलंय, कुठला स्क्रू हाताने कापलाय आणि कुठला मशीनवर, हे बघायची सवय हाताला लागली आणि त्यातूनच जुन्या बंदुकांचा नाद लागला. मी व्यापारी नाही, विकत घेऊन विकणं हा माझा धंदा नाही. लोक बोलावतात, घरातली, वाड्यातली बंदूक दाखवतात, मी माप घेतो, खुणा वहीत उतरवतो, फोटो काढतो आणि ती काय आहे ते सांगतो. चहा मिळतो, ते पुरे.

आमचं मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात, त्या काळच्या निजामाच्या हद्दीला लागून. १९४७-४८ च्या रझाकारांच्या दिवसात हद्दीवरच्या गावांनी रात्र रात्र जागून पहारे दिले हे आपल्याकडे प्रत्येक घरात सांगतात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादवर जी लष्करी कारवाई झाली तिची मुख्य फौज आपल्या सोलापूरहूनच नळदुर्गच्या रस्त्याने आत घुसली. त्या आधीच्या वर्षभरात आमच्या आजोबांच्या खांद्यावर जी बंदूक होती ती हीच. नंतर पिकाच्या राखणीसाठी तिचा रीतसर परवाना होता, आजोबांच्या नावे, मग वडलांच्या नावे. वडील गेले, परवाना माझ्या नावे करायचा अर्ज दिला, बंदूक नियमाप्रमाणे जमा केली, पोच घेतली. अर्जाचं उत्तर आलं नाही. मी जाऊन विचारत राहिलो, "चालू आहे" असं सांगत राहिले. आणि आता ती बेवारस म्हणून यादीत. वारस समोर उभा आहे की ओ साहेब, पोच हातात घेऊन.

आता ती बंदूक नेमकी काय आहे ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

तीन पितळी नव्हे, तीन लोखंडी पट्ट्यांनी लाकडाला धरलेली ३९ इंची नळी. टोपीवर चालणारी, म्हणजे निपलवर, नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या लहान पोकळ चोचीवर, स्फोटक भरलेली तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा पडला की बार. लॉकवर मुकुट, त्याखाली व्ही आर ही अक्षरं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची खूण, आणि पुढच्या अंगाला टॉवर असा शिक्का. वर्षाचे शेवटचे आकडे गंजाने खाल्लेत, १८ एवढंच वाचता येतं. ज्याला थोडंफार माहितीये तो बघून लगेच म्हणेल, अरे ही १८५३ ची एनफिल्ड रायफल, तीच, जिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ पेटलं. आमच्या घरातही असंच सांगायचे, सत्तावन्नची बंदूक म्हणून.

पण नळीत दिवा टाकून बघा. एनफिल्डच्या नळीत तीन आटे असतात, गोळीला फिरकी देणारे. हिच्यात एकही नाही. आतून गुळगुळीत. एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितलं की आटे झिजून गेलेत. नाही. आटे झिजले तर नळीचं माप वाढून १६.७ मिलिमीटर होत नाही. एनफिल्ड रायफलचं माप साधारण १४.७ मिलिमीटर, म्हणजे इंचात ०.५७७. हिचं ०.६५६. आणि नेम धरायची मागची माशी बघा, रायफलला लांबच्या पल्ल्यासाठी वर-खाली होणारी पट्टी असते, हिला नुसता एक ठोकळा आहे, पल्ला बदलायची सोयच नाही. ही झिजलेली रायफल नाही, ही मुद्दाम अशीच बनवलेली बंदूक आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायाइतकी नेमकी रायफल द्यायची नाही, म्हणून बाहेरून हुबेहूब एनफिल्ड पण आतून सपाट नळीच्या, जवळच्या अंतरापलीकडे नेम न धरणाऱ्या बंदुका त्यांनी हिंदी पलटणींसाठी काढल्या, १८५८ आणि १८५९ च्या नमुन्याच्या. म्हणजे घरातली गोष्ट थोडी चुकीची आहे, ही सत्तावन्नमध्ये झाडलेली बंदूक नाही. ही सत्तावन्नच्या भीतीतून जन्माला आलेली बंदूक आहे. राज्यकर्त्याला आपल्याच फौजेवर विश्वास राहिला नव्हता याचा लोखंडातला पुरावा, जो कोणीही नळीत बोट घालून तपासू शकतो. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पोरांना हातात धरून दाखवणं वेगळं.

आणि तिला तुमच्या कागदावर "गावठी" लिहिलंय. गावठी म्हणजे तो कट्टा, पाण्याच्या पाइपातून बनवलेला, गुन्ह्यात पकडलेला. ते खुशाल कापा, माझं काही म्हणणं नाही, कापलेच पाहिजेत. पण दीडशे वर्षांहून जुनी लष्करी बंदूक आणि कट्टा एकाच ढिगात, एकाच शब्दात? हे चालणार नाही.

मला एका घरच्या बंदुकीसाठी रडायचं नाहीये. आपला जिल्हा कुठला आहे ते बघा. फेब्रुवारी १८१८ मध्ये मोहोळजवळच्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. त्याच वर्षी १० मे ला इंग्रज सेनानी मन्रोने सोलापूरच्या पेठेवर हल्ला केला, पेशव्यांचं पायदळ भुईकोटाच्या आसऱ्याला होतं ते फुटलं, आणि पुढच्या काही दिवसात किल्ला गेला. पेशवाईची शेवटची मोठी लढाई आपल्या दारात झालीय. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघायला लोक लांबून येतात, स्वामींचं दर्शन झालं की तिकडे जातात. म्हणजे या मातीत जुन्या बंदुका सापडणं यात नवल काहीच नाही, नवल आहे ते आपण त्या न बघता कापायला काढतो याचं.

आता माझ्या तक्रारी. मुद्द्यांनी सांगतो.

पहिली तक्रार यादीची. बंदूक ओळखायला मोठी लॅब लागत नाही, सुरुवातीला एक मोजपट्टी, एक व्हर्निअर, एक टॉर्च आणि अर्धा तास लागतो. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, टोपीची बंदूक या तीन वेगळ्या काळातल्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या लांबून बघूनही कळतात. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात रंजकीवर, म्हणजे नळीबाहेर ठेवलेल्या थोड्या दारूवर येते, चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली असते, आणि टोपीच्या बंदुकीत निपल असतं. तिन्ही नळीच्या तोंडातून दारू ठासूनच भरतात म्हणून सरकारी कागदावर तिन्हीला "ठासणीची" लिहिलं की काम संपलं, पण त्याने शेकडो वर्षांचा फरक एका शब्दाखाली गाडला जातो. कंपनी सरकारच्या चकमकीच्या बंदुका, ज्यांना जगभर ब्राऊन बेस म्हणतात, त्यातल्या इंडिया पॅटर्नची नळीही ३९ इंची, पण तोंडाचं माप पाऊण इंच, अंगठा सहज जातो. त्यांच्या लॉकवर आधी चार भागात कापलेल्या बदामात कंपनीची अक्षरं आणि वर चारचा आकडा अशी खूण असायची, १८०८ च्या सुमारापासून मुकुट धरून उभा असलेला सिंह आला. म्हणजे नुसत्या खुणेवरून ती बंदूक साधारण कुठल्या काळातली ते सांगता येतं. पण खूण कोणी उतरवलीच नाही तर?

दुसरी तक्रार ही उलट टोकाची, आणि ती वारशावाल्यांसाठी आहे. जिथं बंदुका कापत नाहीत तिथं त्यांना वाट्टेल ते नाव देतात. जुनी दिसली की "शिवकालीन". मी एका ठिकाणी निपलवाली, टोपीची बंदूक शिवकालीन म्हणून काचेच्या पेटीत बघितलीय. टोपीच्या मागची मूळ रासायनिक युक्ती पेटंट झाली १८०७ मध्ये, स्कॉटलंडच्या एका पाद्र्याने केली ती, आणि तांब्याच्या टोप्या वापरात आल्या त्याच्याही नंतर, १८२० च्या दशकात. महाराज १६८० ला गेले. मग ती बंदूक शिवकालीन कशी होईल? महाराजांबद्दल प्रेम आहे म्हणूनच हे बोलावं लागतं. खोट्या वस्तूला त्यांचं नाव लावलं की उद्या खरी तोड्याची बंदूक समोर आली तरी लोक विश्वास ठेवणार नाहीत.

तिसरी तक्रार, आणि ही मला सगळ्यात जास्त बोचते, ती ठेवण्याची. निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका जमा करून घेतात. त्याला कारण आहे, मान्य. पण त्या ठेवतात कशा? कोपऱ्यात उभ्या टेकवून, एकावर एक, पत्र्याच्या खोलीत. आपल्या सोलापूरचा उन्हाळा, चाळिशीच्या वर पारा, त्यात दीडशे वर्षं जुनं अक्रोडाचं लाकूड आकसतं आणि लॉकच्या मागे चिरतं. मग पावसाळ्यात भिंतीची ओल लागून नळीला खालून गंज. गज, म्हणजे दारू ठासायची काठी, हरवतो, कारण तो सुटा निघतो आणि कोणाचा कुठला ते कळत नाही. एका वयस्कर बाईंनी परत मिळालेली बंदूक मला दाखवली, दस्त्यावर ऑइल पेंटने मोठा नंबर टाकलेला, तो पण नेमका जिथं जुन्या पलटणीचा शिक्का होता त्याच्यावर. तो रंग काढायला गेलो तर शिक्का जाईल आणि ठेवला तर शिक्का दिसणार नाही. ती माउली म्हणाली, "राहू द्या हो, मिळाली हेच खूप." असं म्हणायची वेळ का यावी लोकांवर?

चौथी गोष्ट भीतीची. लोक घाबरतात. घरात आजोबांची बंदूक निघाली, परवाना सापडत नाही, आता काय करायचं हे सांगणारं कोणी नाही, वकिलाला विचारलं तर वकीलही गोंधळात. मग काय करतात, रात्री विहिरीत टाकतात, नाहीतर भंगारवाल्याला नळी आणि लाकूड वेगवेगळं करून देतात. हे मी ऐकीव सांगत नाहीये, विहिरीतून काढलेली नळी मी स्वतः साफ केलीय. आणि ही भीती का आहे, तर कायदा काय म्हणतो ते लोकांच्या भाषेत कोणी सांगत नाही म्हणून. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्येच लिहिलंय की जे हत्यार कालबाह्य ठेवणीचं आहे किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचं आहे किंवा मोडकळीला आलंय, आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. २०२० च्या फेब्रुवारीत नियमात बदल झाला आणि क्युरिओ, म्हणजे दुर्मिळ जुन्या वस्तूंच्या गटात बसणारी बंदूक नुसती बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही असं आलं, मात्र वापरायला, घेऊन फिरायला, इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. आणि १९७२ चा पुराणवस्तू कायदा शंभर वर्षं झालेल्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूला पुराणवस्तू मानतो, ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. या तीन गोष्टी एका कागदावर मराठीत छापून प्रत्येक तहसीलमध्ये लावायला किती खर्च येईल?

उलट झालंय काय, २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनच्या जागी दोनच बंदुका ठेवता येतात असं झालं, वारसाहक्काने आलेल्या धरून. जादाची जमा करा असा आदेश निघाला आणि लोकांनी काय जमा केलं असेल? नवीन, चालणारी बंदूक ठेवली आणि आजोबांची ठासणीची दिली. साहजिक आहे. म्हणजे कायद्याचा हेतू काहीही असो, जमा झाल्या त्या जास्त करून जुन्याच. मग आज तुमच्या खोल्यात जो ढीग आहे तो भंगाराचा ढीग नाही, तो जिल्ह्यातल्या घराघरातून नकळत गोळा झालेला संग्रह आहे.

कोणाला हे वाढवून बोलल्यासारखं वाटत असेल तर काठमांडूचं उदाहरण घ्या. तिथल्या लगन सिलेखाना नावाच्या जुन्या वाड्यात नेपाळच्या फौजेने टाकून दिलेल्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या धूळ खात होत्या. २००३ मध्ये अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी तो अख्खा साठा विकत घेऊन जहाजाने नेला. त्यात ब्राऊन बेस निघाल्या, एनफिल्ड निघाल्या, नेपाळमध्येच बनलेल्या गहेंद्र रायफली निघाल्या ज्या बाहेरच्या जगाने फारशा बघितल्याच नव्हत्या. आज त्यांचा अभ्यास करायचा तर अमेरिकेतल्या संग्राहकांकडे जावं लागतं. त्यांनी निदान वितळवल्या नाहीत. आपण वितळवायला निघालोय.

पाचवी गोष्ट खोट्या मालाची, आणि ही तुमच्या निष्काळजीपणाशी सरळ जोडलेली आहे. खऱ्या बंदुकांची नोंद कुठंच नाही म्हणून खोट्या बंदुकांचा बाजार जोरात आहे. हल्ली बनवलेली बंदूक ॲसिडने गंजवायची, लॉकवर कंपनीचा सिंह कोरायचा आणि "ब्रिटिशकालीन" म्हणून फार्महाऊसवाल्याला विकायची. ओळखायचं कसं ते सांगतो, कोणी विकत घ्यायच्या आधी हे वाचेल तर बरं. स्क्रू काढून बघा, आजच्या मेट्रिक आट्याचा निघाला तर तिथंच थांबा. जुन्या काळी प्रत्येक स्क्रू आपल्या भोकासाठी हाताने बसवलेला असायचा, एकाचा दुसऱ्याला नीट लागत नाही. शिक्का ठोकलेला असला की धातू दबून कडेला किंचित वर येतो, खोटा शिक्का कोरलेला किंवा ओतलेला असतो, भिंगातून बघितलं की कडा सांगतात. ॲसिडचा गंज सगळीकडे सारखा आणि तांबूस असतो, खरा जुना गंज काळपट तपकिरी असतो आणि टोपीच्या बंदुकीत निपलच्या भोवती जास्त खोल जातो, कारण टोपीतली क्षारं तिथंच वर्षानुवर्षं लोखंड खातात. लाकूड झिजतं ते हात धरतो तिथं, गाल टेकतो तिथं. झीज नको त्या जागी असेल तर ती रेती-कागदाची. व्ही आर ची खूण आणि वर्ष १९०५, असं दिसलं तर ती खैबर खिंडीकडची नक्कल समजा, कारण राणी १९०१ मध्येच गेली. देवनागरी आकडे दिसले की लगेच मराठा फौजेची म्हणू नका, नेपाळी फौजेच्या बंदुकांवरही देवनागरी आकडेच असतात. आणि घरच्या गोष्टीवर, माझ्या घरच्या गोष्टीवरसुद्धा, वस्तू बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. आधी वस्तू, मग कागद, मग गोष्ट, हाच क्रम.

हे सगळं शिकायला आम्हाला खऱ्या बंदुका लागतात. खात्रीच्या, कोणी हात न लावलेल्या, जशा होत्या तशा. ज्याच्याशी ताडून बघायचं तीच कापून टाकली तर उद्या खोट्याला खोटं कशाच्या आधारावर म्हणणार?

एक गोष्ट मी आधीच साफ करतो. मी असं म्हणत नाहीये की जुन्या बंदुका मोकळ्या सोडा. ठासणीची बंदूक आजही माणूस मारू शकते, नंतरच्या काळातली ०.३०३ ची ली एनफिल्ड रायफल तर नक्कीच, आणि त्यांना कायदा पूर्ण लागलाच पाहिजे. सुरक्षा हे तुमचं काम आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूला उभा आहे. खरं तर सुरक्षेसाठीच सांगतो, तुमच्या माणसांना या बंदुकांना सरळ कटर लावू देऊ नका. ठासणीच्या कितीतरी बंदुका भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या असतात, आत दारू आणि गोळी तशीच, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. त्या नळीला गॅस कटरची आच लागली तर काय होईल हे मला लिहायला नको. यादीत ही तपासणी केल्याचा रकानासुद्धा नाहीये. कापणारा पोरगा कोणाच्या तरी घरचा आहे.

तर आमच्या मागण्या अशा आहेत. आमच्या म्हणतोय कारण हे लिहायच्या आधी जिल्ह्यातल्या अजून काही घरांशी बोललोय, त्यांचंही हेच म्हणणं आहे.

१. कापायचं काम आत्ता थांबवा. गुन्ह्यातले कट्टे वेगळे काढा, त्यांचं काय ते करा. बाकीच्या यादीला हात लावू नका.

२. त्या यादीतली प्रत्येक बंदूक एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचा एक माणूस, बॅलिस्टिक्स (बंदूक-गोळीचं तपासणीशास्त्र) कळणारा एक माणूस आणि जुन्या शस्त्रांचा अभ्यास असलेला एक माणूस, एवढी तिघांची समिती पुरे. प्रत्येक बंदुकीची पूर्ण लांबी, नळीची लांबी, तोंडाचं माप, आटे आहेत की नाहीत, लॉकचा प्रकार, सगळ्या खुणा आणि दोन्ही बाजूंचे फोटो. काही बंदुकांवर जुन्या परवान्याचा नंबर ठोकलेला असतो, तो उतरवून जुन्या रजिस्टरशी ताडून बघा, त्यातून मूळ घर सापडेल.

३. यादी लोकांसमोर ठेवा, मराठीत, आणि वारसांना पुढे यायला पुरेसा वेळ द्या. ज्याचा अर्ज तुमच्याकडेच पडून आहे त्याची बंदूक बेवारस धरू नका.

४. जी बंदूक सुरक्षेसाठी निकामी करावीच लागेल ती परत मूळ रूपात आणता येईल अशा पद्धतीने करा. निपल काढून वेगळं सीलबंद ठेवा, घोडा बांधा. नळीला भोक पाडणं, नळीत वेल्डिंग करणं, लॉक कापणं हे करू नका.

५. ज्या बंदुकांचे वारस सापडणार नाहीत त्या जिल्ह्याबाहेर जाऊ देऊ नका. सोलापुरात एक खोली द्या, कुलूपबंद, कॅमेऱ्याखाली, आणि तिथं त्या खऱ्या माहितीसह मांडा. "शिवकालीन" हा शब्द पुरावा असेल तरच लिहा.

६. निवडणुकीत जमा होणाऱ्या बंदुकांसाठी लाकडी रॅक आणि दोऱ्याने बांधायचे टॅग वापरा. रंगाने नंबर टाकणं बंद करा. पोचपावतीवर बंदुकीचा फोटो चिकटवा आणि गज, संगीन, पट्टा जे काही सोबत असेल ते पावतीत लिहा.

यातलं काहीही अवघड नाही आणि खर्चाचं तर अजिबात नाही. दुसऱ्या मागणीसाठी माझी मदत लागली तर मी विनामोबदला येतो, माझी मापं घ्यायची साधनं आणि वही घेऊन. माझ्यासारखे अजूनही दोघंतिघं आहेत, तेही येतील. आम्हाला मानधन नको, प्रमाणपत्र नको, बंदूक घरी न्यायलाही नको. तुमच्या माणसांच्या समोर बसून, तुमच्याच टेबलावर काम करू.

माझ्या आजोबांच्या बंदुकीबद्दल एवढंच मागतो की "गावठी, निकामी" खोडून तिथं जे खरं आहे ते लिहा: १८५८ किंवा १८५९ च्या नमुन्याची, हिंदी पलटणींसाठी बनवलेली, सपाट नळीची, टोपीची लष्करी बंदूक. त्यानंतर ती मला मिळो किंवा त्या खोलीत जावो, दोन्हीला माझी तयारी आहे. या पत्राची पोच आणि लेखी उत्तर पंधरा दिवसात मिळावं ही विनंती. नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात तीच यादी, तपासणीचा अहवाल आणि कापायच्या आदेशाची प्रत मागणार आहे, आणि जे उत्तर येईल तेही असंच सगळ्यांसमोर ठेवणार आहे.

आपला,
अक्कलकोट तालुक्यातला एक फिटर, सध्या मुक्काम सोलापूर

ता. क. ज्यांच्या घरात जुनी ठासणीची बंदूक आहे त्यांच्यासाठी. ती भरलेली आहे असंच धरून चाला. तोंड कोणाकडे करू नका, स्वतःच्या चेहऱ्यासमोर तर अजिबात नाही. लाकडाची सरळ काठी हळूच नळीत शेवटपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून बघा. निपलपर्यंत किंवा कानापर्यंत (आच आत जायच्या भोकापर्यंत) न पोचता थोडी जरी अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे असं धरा, तिला हात न लावता पोलिसांना कळवा. रिकामी असेल तर एमरी पेपर, तारेचा ब्रश, व्हार्निश यातलं काही वापरू नका, कोरड्या सुती फडक्याने पुसून लोखंडाला शिलाईमशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि परवान्याचा जुना कागद कितीही फाटका असला तरी टाकू नका.